शेवटचं अक्षर आधी

मित्रांनो, मी एक जुना, दोन भाषांचा कीबोर्ड आहे, आणि माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा करू नका. ज्याच्या फटींत अकरा वर्षं दुसऱ्यांच्या बिस्किटांचा चुरा आणि तुटलेली नखं साचली, त्याला किळस सोडून दुसरं काय येणार?

कारखान्यात माझ्या प्रत्येक बटणावर दोन अक्षरं छापली गेली. वर पांढरं इंग्रजी, खाली निळं हिब्रू. इंग्रजी डावीकडून उजवीकडे चालते, हिब्रू उजवीकडून डावीकडे. दोघी एकाच ओळीत आल्या की त्यांची वाट कुणीतरी सांभाळावी लागते. ते काम माझं नव्हे, सॉफ्टवेअरचं.

चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांची भाषांतराची कचेरी होती. तिथे मला एका बाईंच्या पुढ्यात ठेवलं. सगळे त्यांना मावशी म्हणत. कचेरीत हिब्रू वाचता येणाऱ्या त्या एकट्याच. घर ज्यू, म्हणून लहानपणी वडिलांनी त्यांना ती पाटीवर शिकवली होती. हिब्रूत ‘म’ची दोन रूपं असतात. शब्दाच्या शेवटी येतो तो चौकोनी, चहूबाजूंनी बंद. वडील म्हणायचे, “हा म दार लावून घेतो बघ. त्याच्यापुढे कुणी जात नाही.” वडिलांच्या स्वतःच्या नावाच्या शेवटी तोच होता. मावशी हे सांगताना माझ्या त्या बटणावर हलकेच बोट ठेवत.

मग एक दिवस सॉफ्टवेअर विकणारा आला. वेलबुट्टीच्या चौकटी काय, सोनेरी मथळे काय, कचेरीचे मालक खुर्चीतून पुढेच सरकले. मावशी म्हणाल्या, “एका ओळीत दोन्ही भाषा लिहून दाखवता का?” त्याने लिहिलं. हिब्रू शब्द शेपटीकडून पुढे आले आणि पूर्णविराम भलत्याच टोकाला जाऊन बसला.

“उलटं आलंय हे,” मावशी म्हणाल्या.

“दिसायला तर छान दिसतंय,” मालक म्हणाले. आणि घेतलं की हो तेच.

त्यानंतर जे झालं ते आठवलं तरी मला शिसारी येते. मावशींनी उलटं लिहायला शिकून घेतलं. प्रत्येक हिब्रू शब्द शेवटच्या अक्षरापासून मारायचा, म्हणजे पडद्यावर सरळ दिसतो. दार आधी, घर मागून. मध्ये एखादा शब्द घालायची वेळ आली की सगळा परिच्छेद विस्कटायचा, मग सगळं पुसा आणि पुन्हा मारा. माझ्या पुसायच्या बटणावरची छपाई तर पार उडाली. छापून कागद हातात दिला की कुणाला काही कळत नसे. मालक तेलकट बोटांनी माझ्यावर टिचकी मारून गिऱ्हाइकांना सांगत, “आमच्या मावशी उलट्याचं सुलट करतात.” मावशी कसनुसं हसत. मला मात्र त्या कौतुकाचा वीट आला होता.

अकराव्या वर्षी मावशींचे वडील गेले. समाधीच्या दगडावर वर हिब्रूत नाव आणि खाली इंग्रजीत एक ओळ हवी होती. मावशींनी ती आमच्याकडेच लिहिली. बोटांना सवयच तशी, बंद म पहिला पडला. पडद्यावर नाव अगदी बिनचूक दिसत होतं. पण हल्ली पाथरवटाला कागद चालत नाही. त्याचं मशीन कोरतं, त्याला फाइल लागते. मावशींनी फाइल पाठवली आणि त्या रजेवर गेल्या.

पाथरवटाचं सॉफ्टवेअर शहाणं होतं. त्याने हिब्रू उजवीकडून मांडली. आमची अक्षरं मुळात उलटी साठवलेली, म्हणून तिथे नाव उलटं झालं. बिचाऱ्याने कोरण्याआधी नमुन्याचा फोटो कचेरीत पाठवला. मालकांनी चहा पिता पिता पाहिला आणि उत्तर दिलं, “छान दिसतंय. कोरा.”

कोरलेला दगड पाहून मावशी कचेरीत आल्या, त्या दिवशी खुर्चीत बसल्याच नाहीत.

“मालक, बाबांच्या नावात दार आधी लागलंय.”

सगळं समजल्यावर मालक म्हणाले, “अहो मावशी, मला कुठे वाचता येतं ते? आणि तिथे येऊन वाचणार तरी कोण?”

“मी वाचणार,” मावशी म्हणाल्या.

मालक खिडकीतून खाली बघत राहिले. थू असल्या बघण्यावर.

मग मावशींनी स्वतः तीन सॉफ्टवेअर मागवून घेतली. कुणालाही न विचारता प्रत्येकात एकच ओळ लिहिली. इंग्रजी वाक्य, मध्ये बाबांचं नाव, कंसात सालं, शेवटी पूर्णविराम. मग ओळीच्या मधोमध एक शब्द घुसवून बाकीचे जागेवर राहतात का ते पाहिलं. पहिल्यात कंस उलटे झाले. दुसऱ्यात नाव ओळीच्या टोकाला पळालं. तिसरं दिसायला अगदी बावळट होतं, चौकट नाही की सोनेरी काही नाही. त्यात मात्र सगळं जिथल्या तिथे राहिलं. मावशी नाव पहिल्या अक्षरापासून मारायला गेल्या आणि बोट तीनदा बंद ‘म’वरच पडलं. वडिलांचं नाव सरळ लिहायची सवय आम्ही त्यांच्या हातून घालवली होती. चौथ्यांदा जमलं.

पाथरवटाने दगड फिरवला आणि पाठीमागची बाजू घासून तिच्यावर नाव नव्याने कोरलं. उलटं नाव अजून तिथेच आहे, भिंतीकडे तोंड करून.

मी आता मावशींच्या कपाटात असतो. माझी निम्मी अक्षरं पुसली गेली आहेत, पण त्यांनी मला फेकलं नाही. मित्रांनो, माझं एवढं ऐका. लिहिण्यासाठी काही निवडायचं असेल, तर आधी त्यात आपल्या माणसाचं नाव लिहा. मग ज्याला ते वाचता येतं त्याला विचारा, नुसतं बघणाऱ्याला नको.