रिंगणात शिरलेला एकोणतीस

मी एकोणतीस बोलतोय. हो, आकडाच बोलतोय, दचकू नका. दिवसभर आम्हाला राबवून घेता, मग एखादे दिवशी आम्ही चार शब्द बोललो तर कुणाचं काय बिघडलं?

माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो. मला एकानं भाग जातो आणि माझा मला जातो. बाकी कुणीही येऊन धडका मारा, काही ना काही उरणारच. असे दोनच विभाजक असलेल्यांना शाळेत मूळ संख्या म्हणतात. घरोघरी मात्र अडेलतट्टू म्हणतात. लाडू मोजताना मी निघालो की बायका कपाळावर हात मारून घेतात.

त्यात शेजार मिळाला अठ्ठावीसचा. काय तो तोरा! स्वतःला सोडून त्याचे बाकीचे विभाजक घ्या, एक, दोन, चार, सात, चौदा. बेरीज करा, पुन्हा अठ्ठावीसच. अशाला परिपूर्ण संख्या म्हणतात, आणि हे तो मला उठता-बसता ऐकवतो.

मखमलाबादच्या फुलवाल्या बायकांचं लेझीम पथक त्याच्याच मालकीचं. अठ्ठावीस बायका, चार-चारच्या सात ओळी, दोरी लावून आखल्यासारख्या. पथकाची म्होरकी सविता. तिच्या शिस्तीपुढं हलगीवालासुद्धा चळाचळा कापायचा.

यंदा जत्रेच्या आधी लंकाबाई तिच्याकडे आली. झेंडूच्या ढिगाआड बसून हिनं वर्षानुवर्षं पथक जाताना पाहिलेलं. पाय गल्ल्याखाली ठेका धरायचे, पण उठायची सोय नव्हती.

"सविता, पोरींची लग्नं उरकली. आता मला बी नाचायचंय," ती म्हणाली.

सविताच्या डोळ्यांपुढं मी उभा राहिलो आणि तिचा चेहराच पडला. "लंकाताई, ओळ मोडते हो! तुम्ही असं करा, पुढं बॅनर धरा."

"बॅनर काय खुंटीला बी टांगता येतो. मला लेझीम पायजे."

"यंदा नाही. आणि हे बघा, जत्रेत काही गोंधळ झाला, तर पुढच्या वर्षी बॅनरसुद्धा मिळणार नाही."

लंकाबाईनं शेवटी बॅनर घेतला. मला लई वाईट वाटलं हो. माझ्यापायी त्या बाईचा हिरमोड झाला होता.

जत्रेच्या दिवशी ओळी झोकात निघाल्या. देवीच्या देवळासमोर आल्यावर ओळी मोडून रिंगण धरायचं, ही पथकाची रीत. रिंगणात एकेकीनं मधे येऊन आपला खास डाव दाखवायचा. कुणी यायचं, यावरून भांडणं नकोत म्हणून सवितानं नियम घातलेला. सुरुवात तिची, मग तिच्या उजवीकडून मोजत दर चौथी आत. सगळ्याजणी खेळता खेळता ओरडून मोजायच्या.

नियम दिसायला सरळ. पण अठ्ठावीसला चारानं भाग जातो ना! म्हणजे फेरी फिरून पाळी पुन्हा सवितापाशीच. दर फेरीला त्याच सातजणी मधे आणि बाकीच्या कडेनं झुलत. सविताला वाटायचं, मी तर मोजूनमापून न्याय केला. सविताच्या उजवीकडे दोघी सोडून उभी राहणारी वत्सलाबाई गेल्या जत्रेनंतर तिच्याशी बोलत नव्हती. "आपल्याच मैतरणी निवडती मेली," असं सांगत हिंडायची.

रिंगण फिरू लागलं. लंकाबाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. बॅनर सविताच्या नवऱ्याच्या, दत्तूच्या हातात कोंबला, देवळाच्या पायरीवरच्या जास्तीच्या लेझिमांतली एक उचलली, पदर खोचला आणि सविताच्या डाव्या हाताला घुसली. सवितानं डोळे वटारले. पण गावासमोर बोलणार काय?

पहिली फेरी संपत आली. "एक, दोन, तीन..." आता आपलीच पाळी म्हणून सवितानं सवयीनं पाय पुढं टाकला.

"चार!" सगळ्याजणी लंकाबाईकडे बघून ओरडल्या.

सविता तशीच थांबली. माझा तर जीव टांगणीला! आता ही तिला हाताला धरून बाहेर काढणार, असंच वाटलं मला. पण नियम सविताचा, मोजणी गावाच्या कानावर गेलेली. ती एक पाऊल मागं सरली.

आणि मग लंकाबाई खेळली, बघा! गुडघा दुखतो म्हणून रडणारी बाई, गरकन बसली काय, उडी मारून उठली काय! एक डाव चुकली, तर स्वतःच खो-खो हसली आणि पुढचा धरला. मी आनंदानं वेडा झालो.

ती जागेवर आली. पुढची मोजणी सवितावरून पुढं सरकली आणि चार आले थेट वत्सलाबाईवर. तिचा विश्वासच बसेना. "मी? माझी पाळी?" मला चारानं भागलं की एक उरतो, म्हणून दर फेरीला पाळी एक जागा सरकत गेली. सगळ्यांना एकेकदा मिळाली, तेव्हा कुठं सविताकडे परतली. अठ्ठावीसचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

खेळ आटोपल्यावर वत्सलाबाई सविताजवळ जाऊन म्हणाली, "चल, चहा पाज." सविता हसली. मग लंकाबाईकडे वळली. "ताई, पुढच्या वर्षी बॅनर आमचे हेच धरतील."

तेवढ्यात कडेला उभी असलेली मोगरेवाली चतुराबाई लाजत पुढं आली. "सगळ्यांनाच पाळी मिळती, तर मी बी येऊ का?"

ही आली की तीस झाले, माझा मुक्काम उठला. सविता बोटांवर काहीतरी मोजायला लागली. पण लंकाबाईनं वाट पाहिली नाही. आपली लेझीम चतुराबाईच्या हातात दिली, स्वतःला पायरीवरची दुसरी घेतली आणि बाकीच्यांना म्हणाली, "सरका गं जरा. तिला जागा करा."

तेव्हा बायांनो, मी निघतो. रागानं नाही, खरंच. फक्त एवढं ऐका. तीस झालात की चौथी मोजू नका; चारालाही आणि तीसलाही दोनानं भाग जातो, निम्म्याजणी कोरड्या राहतील. सातवी मोजा, सात आणि तीस या दोघांना भागणारा एकाशिवाय कुणी नाही. मग चतुराबाईचीही पाळी येईल.