बगळ्याखालची जागा

मुलांच्या वाचनालयातल्या रंगवलेल्या भिंतीला पंचवीस वर्षं झाली म्हणून सारं गाव जमलं होतं. भिंत निमित्ताला, नजरा गरम चिपा-पावाच्या टोपलीवर. हे सिन्फोरियानाला पक्कं ठाऊक, म्हणून टोपली तिने मुद्दाम मगरीखाली ठेवली. खाटीक रुफिनो किती हाणतो ते चारचौघांना दिसलेलं बरं.

कारण मगर म्हणजे रुफिनोच. ही भिंत रंगवणारा एलिहियो, सिन्फोरियानाचा नवरा, नदीकाठच्या एकेका जनावराला गावातल्या कुणाचा तरी चेहरा देऊन गेला होता. लठ्ठ कापिबारा म्हणजे पाववाली पेत्रोना, घुबड म्हणजे जुने मास्तर. दरवर्षी ज्याने त्याने आपल्या जनावराखाली उभं राहून फोटो काढून घ्यायचा, ही रीत.

"आणि मी कुठली?" असं तिने विचारलं की एलिहियो हसायचा. "शोध की!" तो गेला तो न सांगताच. वाचनालयाची झाडलोट करता करता तिने आपणहून बगळा घेतला होता. भिंतीवर सगळ्यात देखणा तोच.

"वहिनी, मान तेवढी घरी विसरलात वाटतं!" रुफिनो दरवर्षीप्रमाणे म्हणाला.

"तुमच्या दाढेत अडकली असेल, बघा." तीही दरवर्षीप्रमाणेच म्हणाली.

तेवढ्यात दारातून एक अनोळखी म्हातारी आत आली. उंच, काळ्या कपड्यांतली, लांब मानेची. डावी पापणी अर्धी मिटलेली. बगळ्याचीही डावी पापणी तशीच होती. तिथे रंग ओघळलाय, असं सिन्फोरियाना इतकी वर्षं लोकांना सांगत आली होती.

रुफिनोचा घास तोंडातच राहिला. पेत्रोनाला एकाएकी पेल्यातल्या गार तेरेरे-चहात बर्फ कमी वाटू लागला.

"मी नुसती बघायला आले," म्हातारी म्हणाली. "तो नदीपलीकडे यायचा, आमच्याकडे. रंग न्यायला."

"रंग इथेही मिळायचा," सिन्फोरियाना म्हणाली.

म्हातारीने मान खाली घातली. तशी ती आणखीच लांब दिसली.

"चला, आपापल्या जागा धरा! ऊन उतरतंय," फोटोवाला ओरडला. जो तो जागेवर गेला. सिन्फोरियानाकडे मात्र कुणी बघेना. ती बगळ्याखाली ठाण मांडून बसती तर कुणी हूं की चूं केलं नसतं. पण फोटो भिंतीवर लागला असता, आणि लोकांना डोळे होते.

"या," ती म्हातारीला म्हणाली. "ही तुमची जागा. जरा डावीकडे व्हा, चोच झाकतेय."

"वहिनी, इकडे या. मगर मोठी आहे, दोघं मावू," रुफिनो हळूच म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती, म्हणूनच ते तिला जास्त लागलं.

ती दाराशी गेली. तिथे तिची बादली असायची, आणि बादलीमागे, भिंतीवर अगदी फरशीलगत रंगवलेलं, एक कासव. आखूड मानेचं, रुंद पाठीचं. पाठ आणि एक पाय तेवढा शिल्लक होता. तोंड कुणाचं होतं, आता कळायला मार्ग नव्हता. रोज सकाळी ओलं फडकं तिथूनच वळायचं. तिच्याच हातातलं.

तिने बादली बाजूला सारली आणि खाली बसली.

"काकू, उभ्या राहा! तिथे फोटोत येत नाही तुम्ही."

"राहू दे," ती म्हणाली. "काढ तू."