ताईंच्या नावापुढचं 'नाही'

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, तरी जन्मभर मी हमालीच केली. मी एका मोठ्या दवाखान्यातला जुना प्रोग्रॅम. प्रत्येक विभागाच्या संगणकातली रुग्णांची माहिती उचलायची, नीटनेटकी करायची आणि डॉक्टरांच्या पडद्यावर एकत्र मांडायची, हे माझं काम.

मला ताईंनी घडवलं. दर विभागाची तऱ्हा निराळी. कोणी तारीख उलटी लिहिणार, कोणी वजन भलत्याच रकान्यात टाकणार. म्हणून ताईंनी प्रत्येकासाठी एकेक दुभाषा नेमला. दुभाष्याने फक्त भाषांतर करायचं. मग सगळी माहिती पुढच्या एकाच चाळणीतून जायची आणि नियम मात्र सगळे तिथेच. "याला पॅटर्न म्हणतात," ताई हाताखालच्या इंजिनिअरला सांगत. "आपल्या आधीच्यांनी ठेचा खाऊन बसवलेली रीत आहे ही. नियम एका जागी असला की बदलायलाही एकाच जागी जावं लागतं." तो मान डोलवायचा. कामाचा उरक दांडगा, म्हणून सगळे त्याला झटपट म्हणत.

चाळणीतला एक नियम ताईंचा फार लाडका. औषधाच्या ॲलर्जीचा रकाना रिकामा आला, तर मी तिथे लाल अक्षरांत 'माहीत नाही' लिहायचो. ते दिसलं की मोठ्या सिस्टर स्वतः उठून घरच्यांना विचारायला जायच्या. काय कौतुक व्हायचं तेव्हा माझं!

ताई निवृत्त झाल्या आणि माझे दिवस फिरले. पडदे लालेलाल दिसतात म्हणून डॉक्टर कुरकुरले. चाळण उघडून बघायचा झटपटला कंटाळा. "रिकामं म्हणजे नाहीच की!" असं म्हणत त्याने प्रत्येक दुभाष्याच्या तोंडी 'नाही' घातलं. मग रिकामा रकाना चाळणीपर्यंत पोचेचना आणि लाल अक्षरं उमटेनात. मोठ्या सिस्टर कडाडल्या, तेव्हा काढलंही. "सगळीकडून काढलं, सिस्टर." कसलं सगळीकडून! अपघात विभागाचा दुभाषा राहूनच गेला. मला दिसत होतं, पण सांगायला तोंड कुठे होतं?

एका दुपारी अपघात विभागात एक बेशुद्ध बाई आल्या. नाव वाचलं आणि मी हबकलोच. आमच्या ताई! ॲलर्जीचा रकाना रिकामा. माझ्या आईच्याच नावापुढे मला 'नाही' मांडावं लागलं. लाल अक्षरं दिसली नाहीत, म्हणून सिस्टर विचारायला उठल्या नाहीत. ताईंची बहीण बाहेर बाकावरच बसली होती. ताईंना कुठलं औषध चालत नाही, ते तिला ठाऊक होतं. आत इंजेक्शन दिलं गेलं आणि ताईंचा श्वास कोंडला.

ताई वाचल्या, पण मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि उजवा हात कायमचा लुळा झाला.

परवा बहिणीने त्यांना चाकाच्या खुर्चीतून माझ्यासमोर आणलं. झटपटच्या डोळ्यांना धार लागली होती. "ताई, एकच जागा राहिली हो माझ्याकडून!"

"अरे, जागा मुळात एकच असायला हवी होती," ताई म्हणाल्या.

आता मला बंद करणार आहेत. 'जुना झाला, भरवसा उरला नाही,' म्हणून सगळं खापर माझ्यावरच फुटलंय. फार लागतं हो मनाला. मित्रांनो, माझ्या जागी येईल त्याला तरी जपा. जे माहीत नाही, ते माहीत नाही म्हणायची त्याला मुभा द्या.

जाताना ताईंनी डाव्या हाताने कीबोर्ड जवळ ओढला. एकेक अक्षर शोधत आपल्या नावापुढचं 'नाही' पुसलं आणि तिथे त्या औषधाचं नाव लिहिलं.