दोनशे चाळीस सायकली

थोरलीच्या नजरेतून काही सुटत नाही, असं नगर कार्यालयात सगळे म्हणायचे, आणि थोरलीला ते ऐकायला फार आवडायचं. बावीस वर्षं ती नकाशे काढत होती, त्यातली अकरा इतरांचे तपासत होती. तिने लाल पेन्सिलीने 'तपासले' लिहून सही केल्याशिवाय रस्त्यावर साधा नळसुद्धा उभा राहत नसे.

अशा बाईच्या पोटात महिनाभर दुखत होतं. डॉक्टरला दाखवण्यासारखं ते दुखणं नव्हतं. दुखण्याचं कारण समोरच्याच टेबलावर बसायचं, तिच्याच घरात राहायचं, संध्याकाळी तिच्याबरोबरच सायकलवरून घरी यायचं आणि तिला 'ताई' म्हणायचं. ती तिची धाकटी जाऊ.

झालं असं, की स्टेशनाबाहेर सायकली लावायला धड जागा नव्हती. जुना स्टँड मालगोदामाच्या मागे, आडबाजूला. तिथे साखळी फक्त चाकाला लावता यायची, त्यामुळे सकाळी सायकल लावून गेलेल्या माणसाला संध्याकाळी नुसतं चाकच मिळायचं. मग लोक कठड्यांना आणि विजेच्या खांबांना सायकली बांधत, आणि पायी चालणारे अंग चोरून, शिव्या घालत त्यातून वाट काढत. थोरलीने कितीतरी सकाळी तिथे उभं राहून कोण कुठून येतो, सायकल कुठे बांधतो, ते टिपून घेतलं. तिकीट खिडकीसमोरची, सतत वर्दळीची जागा निवडली. तिथे लोखंडी कमानी, प्रत्येक कमानीला दोन्ही बाजूंनी एकेक सायकल, साखळी चाक आणि सांगाडा दोन्हींतून जाईल अशी. सायकली बसत होत्या एकशे साठ.

साहेबांनी 'बघू' म्हणून तो आराखडा बाजूला ठेवला आणि धाकटीला म्हणाले, "तूही जरा हात मारून बघ." धाकटीने जागा तीच घेतली, कमानी त्याच घेतल्या, वर छत टाकलं, आणि सायकली बसवल्या दोनशे चाळीस!

मग काय विचारता! साहेबांना धाकटीला कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं. "डोकं आहे हो पोरीला," असं घरी सासूबाई तीनदा म्हणाल्या, आणि तिन्ही वेळा स्वयंपाकघरात थोरलीच्या हातून भांडी जरा जास्तच वाजली. ही नोकरी तिला लावून कुणी दिली? नकाशावर पट्टी कशी धरायची, हे शिकवलं कुणी? त्याचं कुणी नावही काढेना.

धाकटीचा नकाशा तपासायला आला तेव्हा थोरलीने दार लोटून घेतलं आणि ती चूक शोधायला बसली. फार वेळ लागला नाही. दोन कमानींमधलं अंतर धाकटीने साठ सेंटिमीटर धरलं होतं. हा आकडा जुन्या स्टँडच्या नकाशातून जसाच्या तसा उचललेला होता. तिथे एका खाचेत एकच सायकल लागायची, इथे दोन कमानींच्या मध्ये दोन सायकली येणार. अंतर नव्वद हवं. आणि नव्वद धरलं की दोनशे चाळीसच्या होतात एकशे साठ. म्हणजे थोरलीच्याच.

तिला इतका आनंद झाला, की ती उठून खिडकीपर्यंत जाऊन आली. लाल पेन्सिल उचलली, आणि हात थांबला. आत्ता खूण केली तर काय होईल? धाकटी 'अय्या, हो की!' म्हणेल, दुपारपर्यंत दुरुस्त करेल, आणि साहेब पुन्हा तिचंच कौतुक करतील. त्यापेक्षा बुधवारी चाचणी होती. कुठलंही काम पक्कं करण्याआधी मागच्या आवारात लाकडी कमानी ठोकायच्या आणि सगळ्यांनी आपापल्या सायकली लावून बघायच्या, ही कार्यालयाची रीत. पडू दे तिला तोंडघशी, सगळ्यांदेखत!

तिने 'तपासले' लिहिलं, सही केली आणि मूग गिळून बसली.

बुधवारी तिच्या मनासारखं झालं. पहिल्या चार सायकली लागल्या. पाचवीचं हँडल शेजारच्या टोपलीत घुसलं, सहावीचं पेडल कुणाच्या चाकात अडकलं. "लावली खरी, पण काढायला रजा टाकावी लागेल!" टपाल कारकून ओरडला आणि सगळे खो खो हसले. साहेब मात्र हसले नाहीत. थोरलीला आतून कसं गार गार वाटलं.

"चूक माझी आहे, साहेब," धाकटी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मला रविवारीच शंका आली होती. ताई, मी आपल्या दोघींच्या सायकली अंगणात लावून मोजलंसुद्धा. अडकत होत्या. पण नकाशावर तुमची सही होती. म्हटलं, ताईंच्या नजरेतून काही सुटायचं नाही, मीच टेप चुकीची धरली असणार."

सगळे थोरलीकडे वळले.

"होतं असं कधीतरी," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "चष्म्याचा नंबर बदलला असेल तुमचा."

नुसतं 'हो' म्हणायचा अवकाश, सगळं निभावून गेलं असतं. पण नंबर? तिचा? थोरलीच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या.

"दिसलं होतं मला," ती म्हणाली. "पहिल्या पाच मिनिटांत दिसलं होतं. साठ चूक आहे, नव्वद हवं."

"मग सांगितलं का नाही?" धाकटीने विचारलं.

"जळत होते तुझ्यावर."

आवारात कुणी हसलं नाही. धाकटी रडेल असं थोरलीला वाटलं, पण ती रडली नाही. ती साहेबांकडे वळली.

"ताईंचा एकशे साठचा आराखडाच बरोबर आहे, साहेब. तोच घ्या. आणि इथून पुढे माझे नकाशे दुसऱ्या कुणाकडे तरी तपासायला द्या."

साहेबांनी दोन्ही गोष्टींना मान डोलावली.

संध्याकाळी आवारात दोनच सायकली राहिल्या होत्या. धाकटीच्या ब्रेकची तार थोरलीच्या टोपलीत अडकली होती. थोरलीने एकटीने ओढून पाहिलं, हलवून पाहिलं, पण ती सुटेना. तेवढ्यात धाकटी आली आणि तिने आपलं हँडल उचलून धरलं.

"ओढा," ती म्हणाली.

थोरलीने ओढली. सायकल सुटली.

रोज धाकटी फाटकापाशी एक पाय टेकवून थोरलीसाठी थांबायची. आज ती थांबली नाही.