घाटातली डोण

हौशीरामने काठी आडवी धरून सगळ्यांना थांबवलं.

"ही पायरी हलती हाये. माझ्या मागं मागं या."

नाणेघाटाच्या दगडी वाटेवरून बारा जण जपून खाली उतरले. गेल्या महिन्यात बोरघाटातल्या जुन्या रेल्वेमार्गावरून चाललेला हा पुण्याचा गट आज रेल्वेच्याही आधीची वाट बघायला आला होता, बैलांच्या पाठीवरून माल चढायचा ती. सगळ्यांच्या मागून हौशीरामची बायको लंकाबाई भाकरीचं गाठोडं घेऊन येत होती. पाच वर्षं तो लोकांना घाट दाखवत होता, पण मेंढरं सोडून तिला कधी येता आलं नव्हतं. दिवाळीत मेंढरं पुतण्याकडे गेली आणि आज ती पहिल्यांदाच सोबत निघाली.

वळणावर कातळातून पाणी झिरपत होतं. त्याखाली पाणी साठायला कातळात खोदलेली हातभर लांबीची डोण काठोकाठ भरली होती. हौशीराम इथे नेहमी थांबायचा. आज तो तसाच पुढे निघाला.

"काका, ही दोन हजार वर्षांपूर्वीची डोण ना?" गट घेऊन आलेल्या श्रेयाने विचारलं. "मागच्या वर्षी तुम्हीच दाखवली होती."

लंकाबाईने गाठोडं खाली ठेवलं.

"दोन हजार?" ती एवढंच म्हणाली.

हौशीराम काठीच्या टोकाने माती उकरत राहिला. अगदी पहिल्या गटातल्या कुणीतरी विचारलं होतं, लई जुनी असेल ना? तो हो म्हणाला होता. लोकांनी हौसेने फोटो काढले, आणि पुढे तो तेच सांगत गेला.

"न्हाई ताई," तो म्हणाला. "मी खोटं सांगत आलो. हिला चाळीस वर्सं झाली आसतील. हिनं खणलीय."

"कुणी?"

"ह्या माझ्या बायकोनं. मी मेंढरं घिऊन कोकणात उतरलो व्हतो. व्यायला आलेल्या चार मेंढ्यांना चालवंना, म्हणून हिला हितंच ठिवलं. माघारी आलो तर डोण तयार व्हती. हातात पहार, आन् पोटात थोरला."

हौशीराम मान खाली घालून उभा होता. श्रेया डोणीपाशी बसली. पहारीच्या घावांचे ओरखडे काठावर अजून होते, त्यांवरून तिने हळूच बोट फिरवलं.

"मावशी, किती दिवस लागले?"

लंकाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने काठी कातळाला टेकवली आणि तो लोकांमध्ये जाऊन बसला.

"दिस कोण मोजतंय," ती अवघडून म्हणाली. "पाणी वाया चाललं व्हतं, ते बघवंना." मग ती वाकली आणि डोणीच्या एका कोपऱ्यावर हात ठेवला. "आदी हिकडनं खणाया लागले. हितला दगड जरा मऊ व्हता."

बारा जण पुढे सरकले.

"जरा मोठ्यानं बोल," हौशीराम मागून म्हणाला. "समद्यांना आयकू जाऊ दे."