टाचेवरची पट्टी

दाफिनानं एक पाय डॅशबोर्डवर चढवला, सोललेल्या टाचेवर औषधाची पट्टी लावली आणि अंगठ्यानं घट्ट दाबली. सँडल नवे होते. निळे, बकलवाले, खास या सहलीसाठी घेतलेले. सकाळचे दहा वाजले नाहीत तोच त्यांनी तिची टाच खाल्ली होती.

"चिकटपट्टी आहे का रे तुझ्याकडे? ही एका बाजूनं सुटतेय."

"माझ्याकडे कुठून असणार?" ल्युबेन म्हणाला. लोझेनेत्सच्या चौकात गाडी लावून तो उतरलासुद्धा. "पाणी घेऊन येतो. तू बस."

"पाणी आहे की मागे! दोन बाटल्या!"

पण तो वळणावरून दिसेनासाही झाला होता.

बावीस वर्षांच्या संसारात ल्युबेननं समुद्राचं नाव काढलं नव्हतं. वाळू टोचते, गर्दी नको, पोहायचं तर प्लेवेनमध्ये तलाव आहेच. आणि गेल्या सप्टेंबरपासून तर तो घरात भाडेकरूसारखा राहत होता. वेळेवर यायचा, जेवल्यावर आपली बशी आपण धुवायचा आणि बाल्कनीत पाठमोरा बसायचा. मग पंधरा दिवसांपूर्वी, सूपमध्ये चमचा तसाच ठेवून, तो एकदम म्हणाला होता, "दक्षिणेकडं जाऊ या चार दिवस? एकेक गाव करत. तू आणि मी."

तू आणि मी! दाफिनानं हे बहिणीला सांगितलं, केस कापणारीला सांगितलं, जिन्यात भेटलेल्या पोस्टमनलाही सांगितलं. केसांना तांबूस रंग लावला. सँडल घेतले. नवरा परत येतोय, असं तिला वाटलं होतं.

तो पाण्याशिवायच आला. गाडी वळताना दाफिनाला बसथांब्यावरचे मयताचे कागद दिसले, मेलेल्यांचे फोटो छापून घरचे लावतात ते. जाऊन चाळीस दिवस, सहा महिने, एक वर्ष. सगळीकडे असतात तसेच, एकावर एक चिकटवलेले, उन्हानं पिवळे पडलेले. त्यांत एक नवाकोरा पांढरा होता, आणि त्यावरची बाई चक्क तोंड उघडून हसत होती. या कागदांवर कोणी हसत नाही, म्हणून तो लक्षात राहिला.

पुढच्या गावी, वारवाराला पोचल्यावर ल्युबेन म्हणाला, "सिगारेटी बघतो."

"तू ईस्टरला सोडल्यास ना?"

"एखादी," तो म्हणाला आणि गेला.

दाफिना लंगडत चौकातल्या बाकापाशी गेली. तिथं दोन म्हाताऱ्या सूर्यफुलाच्या बिया सोलत बसल्या होत्या. तिनं त्यांच्या शेजारी बसून जुनी पट्टी काढली आणि पाकिटातली शेवटची पट्टी लावली. समोरच्या विजेच्या खांबावर तीच हसणारी बाई होती. कालिना रुसेवा. एक वर्ष झालं.

"मघाशी ब्रेड आणायला गेले तेव्हा हा कागद नव्हता," काळ्या रुमालवाली म्हणाली. "गाणारी कालिना ना गं ही?"

"तीच. या किनाऱ्यावरचं एक हॉटेल सोडलं नाही बाईनं. ती गायला लागली की जेवणारे काटे-चमचे खाली ठेवायचे."

"खाली नाव नाही बघ कुणाचं."

खरंच नव्हतं. जिथं 'दुःखी कुटुंबीय' असतं, निदान 'शेजारी' तरी असतं, ती जागा कोरी होती.

"कुणाचं असणार? ना नवरा, ना पोर."

"मग लावला कुणी? भुतानं?"

"लावला कुणीतरी. नाव लिहायची छाती झाली नसेल." दुसरीनं टरफल थुंकलं. "तो अकॉर्डियनवाला आठवतो का? बगळ्यासारखे पाय होते बघ. तीन उन्हाळे तिच्या मागं वाजवत फिरला. मग गेला उत्तरेकडं. लग्नबिग्न केलं म्हणे."

"बायको कशी असेल गं त्याची?"

"असेल की कुणीतरी. बायका काय, असतातच."

प्लेवेनच्या घरात कपाटावर अकॉर्डियनची पेटी होती. तिच्यावरची धूळ दाफिना दर शनिवारी पुसायची. पेटी उघडलेली मात्र तिनं कधी पाहिली नव्हती. 'तरुणपणी वाजवायचो थोडं', एवढंच तिला ठाऊक होतं.

"आणि तू गं पोरी?" काळ्या रुमालवालीनं तिच्या पायाकडं बोट केलं. "नवे जोडे घालून कुणी समुद्रावर येतं होय?"

"नवऱ्याला दाखवायचे होते," दाफिना म्हणाली.

"मग, दिसले का त्याला?"

दोघी खदखदून हसल्या. दाफिनाही हसली. तेवढ्यात दुकानांच्या बाजूनं ल्युबेन येताना दिसला, लांब लांब ढांगा टाकत. ती झटकन उठली आणि म्हाताऱ्यांची नजर त्याच्यावर पडायच्या आत त्याला गाठून गाडीकडं वळवलं.

"मिळाल्या सिगारेटी?"

"दुकान बंद होतं."

त्याच्या खांद्यावरून तिला दुकान दिसत होतं. दार सताड उघडं होतं आणि दुकानदार कलिंगडं रचत होता.

आख्तोपोलला त्यांनी तळलेले मासे खाल्ले. चिमुकले मासे, डोक्यासकट. ल्युबेननं नेहमीसारखी शेवटची लिंबाची फोड तिच्या बशीत ठेवली, आणि दाफिनानं ती पिळायला उचलून तशीच परत ठेवली. तिला विचारायचं होतं. तोंडाशी आलेही शब्द. पण विचारलं आणि त्यानं खरं सांगितलं, तर ही सहल आपली नव्हतीच हे मान्य करावं लागलं असतं. मग तिनं मिठाबद्दल तक्रार केली.

सिनेमोरेत्सला नदी समुद्राला मिळते तिथं, वाळूच्या पट्ट्यावर, हंगाम संपल्यामुळं चिटपाखरू नव्हतं. एका बाजूला गोडं पाणी, दुसरीकडं खारं. दाफिना घोट्यापर्यंत पाण्यात शिरली.

"ये ना! कोमट आहे!"

तो बूट हातात घेऊन उभा होता आणि टेकाडावरच्या एका बंद हॉटेलाकडं बघत होता.

"मी वर जाऊन येतो जरा. येताना गाडी इथं खालीच आणतो," तो म्हणाला. "तू भिज."

ती थोडा वेळ भिजली. एकटीला किती भिजता येणार! मग सँडल चढवले आणि गवतातल्या पायवाटेनं तीही वर निघाली.

हॉटेलच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. अंगणात सिमेंटचा गोल ओटा होता, वाजवणाऱ्यांसाठी असतो तसा, आणि त्याच्या भेगांतून बडीशेप उगवली होती. ल्युबेन तिथं नव्हता. फाटकाच्या खांबावर कागद होता.

दाफिना जवळ गेली. रुंद तपकिरी चिकटपट्टीनं तो लावलेला होता, आणि पट्टीचं प्रत्येक टोक करवतीसारखं दातेरी होतं. दातांनी तोडलेलं. ड्रॉवरमध्ये कात्री असताना असा कुत्र्यासारखा काय फाडतोस, म्हणून बावीस वर्षं ती ओरडत आली होती.

तीन कोपरे पक्के होते. चौथ्याला चिकटपट्टी पुरली नव्हती, आणि समुद्रावरचा वारा तो उचलून फडफडवत होता. प्रत्येक झुळकीला कालिना रुसेवाचा चेहरा अर्धा दुमडायचा आणि पुन्हा हसत वर यायचा. दाफिनानं कोपरा तळव्यानं दाबून धरला. कागद फाडायला एक झटका पुरला असता. मागच्या गावांतूनही तिला परत जाता आलं असतं, कागद गोळा करत.

खालून हॉर्न वाजला. एकदा. मग थोड्या वेळानं पुन्हा.

तिनं दुसऱ्या हातानं सँडलचं बकल सोडलं, टाचेवरची पट्टी सोलून काढली आणि तिची अजून चिकटणारी बाजू चौथ्या कोपऱ्यावर बसवली. अंगठ्यानं दाबली. टिकली ती.

उतरताना प्रत्येक पावलाला टाच चुरचुरत होती. ती गाडीत येऊन बसली तेव्हा ल्युबेन स्टिअरिंगवर हात ठेवून वर बघत होता. इथून खांबावरचा कागद पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसत होता. वारा सुटला होता, पण कागद हलत नव्हता.

"लंगडतेस?" त्यानं विचारलं.

"पट्टी पडली कुठंतरी."

त्यानं तिच्या टाचेकडं पाहिलं. मग वर पाहिलं. मग पुन्हा टाचेकडं, खूप वेळ. निळे सँडल, त्यांचं बकल, सगळं.

"उद्या शेवटचं गाव, रेझोवो," तो अखेर म्हणाला. "तुला हवं तर तू खोलीवरच थांब. पाय दुखत असेल तर…"

दाफिनानं दोन्ही सँडल काढून मागच्या सीटवर टाकले.

"उद्या जुने बूट घालीन," ती म्हणाली, आणि तिनं सीटचा पट्टा लावून घेतला.