बनाबाईच्या धाब्यावरचे चोपणे

मी एक जुने चोपणे आहे. मित्रांनो, तुम्ही मला ओळखले नाही तर त्यात तुमचा दोष नाही. तुमच्या डोक्यावर स्लॅब असेल, नाहीतर पत्रा. मी म्हणजे बाभळीचा एक जाड, सपाट तुकडा, मागे मूठ असलेला. वरवट बकालच्या रहेमतुल्लाचाचांनी मला स्वतःच्या हाताने तासले. ते धाबी घालायचे काम करत.

धाबे म्हणजे मातीचे सपाट छप्पर. चाचा आपल्या लेकीला, शाइस्ताला, ते एकेक बोट मोडून शिकवत. खांबावर तुळई, म्हणजे सगळा भार पेलणारा मोठा आडवा सोट. तुळईवर कड्या, म्हणजे ओळीने आडवे टाकलेले बारके वासे. कड्यांवर किलचा, म्हणजे लाकडाच्या चिपा, एकमेकींना खेटून. त्यांवर पऱ्हाट्या, म्हणजे वेचणी संपल्यावर उरलेली कापसाची वाळकी झाडे. मग चिखल. सर्वांत वर पांढरी माती, जी पाणी खाली उतरू देत नाही. कडेला पाणी बाहेर फेकणारी पन्हाळ. हे सगळे झाले की माझी पाळी. ओली माती मी चोपून चोपून बसवायचे.

चाचा माझा आवाज ऐकून धाब्याची तब्येत सांगत. ‘ठप’ आला की माती बसली. ‘भद्द’ आला की खाली काहीतरी पोकळ आहे. लहानगी शाइस्ता खाली अंगणातून ओरडायची, “अब्बा, भद्द!” चाचा हसून म्हणायचे, “माहे कान खालीच राह्यले वाटते!”

त्यांचा एक नियम होता. दरवर्षी जेवढी माती घालायची, तेवढी जुनी आधी खरवडून काढायची. नाहीतर तुळईवर ओझे वाढत जाते.

मग बीटी कापूस आला. पहिली काही वर्षे झाडे बोंडांनी वाकली, लोकांनी धाबी मोडून स्लॅब टाकले आणि मी कोपऱ्यात पडले. पुढे बोंडअळी परतली, भाव घसरले, आणि ज्यांचे स्लॅब राहून गेले ते धाब्याखालीच राहिले. बनाबाई त्यांतलीच. एकटी बाई. भाव येईल म्हणून वेचलेला कापूस घरातच भरायची, पार कड्यांना टेकेपर्यंत. त्या गंजीला लागूनच तिची खाट.

शेवटची तीन वर्षे चाचांना दम लागत असे. ते शिडीच्या खालच्या पायरीवर बसून सांगत, “टाका जुन्या मातीवरूनच. एवढ्यानं काई होत नाई.” कुणीतरी माती पसरायचे. चाचा कसेबसे वर येऊन मला काठाकाठाने चार वेळा आपटायचे आणि उतरायचे. मधोमध ते गेलेच नाहीत. पण हादरा मला कळत होता. बनाबाईचे धाबे खाली दबून राहत होते. मी लाकूड. मी कुणाला सांगणार?

यंदा चैत्रात चाचा गेले. चाळिसावा होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा बनाबाईचा दीर जानराव मला न्यायला आला. शाइस्ता माहेरीच थांबली होती. ती म्हणाली, “चोपणं देत नाई. मीच येतो.”

बनाबाईच्या अंगणात पांढऱ्या मातीची टोपली भरून तयार होती. सातपुड्याकडून आभाळ चढत होते. शाइस्ताने काठावर मला आपटले. ठप. ती मधे सरकली. भद्द. पुन्हा आपटले. भद्द. ती खाली उतरली, कापसाच्या गंजीत खांद्यापर्यंत हात घालून तिने चाचपले. तुळईला बाक आला होता. कापसाने तो झाकून ठेवला होता.

“काऊन थांबली व?” जानराव वैतागला. “आभाळ पाह्यलं का?”

“माती टाकू नका, काका. काढा लागते. तीन सालाची.”

“काढा? तुया अब्बानं तीन साल टाकली, तो काय येडा होता?”

मला हातात घेऊनच ती दाराबाहेर आली. अंगणात शेजारी जमले होते. सगळ्यांच्या घरावर चाचांचा हात फिरलेला होता.

“अब्बा चुकले,” शाइस्ता म्हणाली. “त्याईले वर चढवत नव्हतं. कोणाले सांगतलं नाई. मलेबी नाई.”

मग बनाबाई दारातून म्हणाली, “अन् माहा कापूस?”

“कापूस भिजला तं वाळते, मावशी. तुमी बाहेर या.”

बनाबाईने एकदा वर पाहिले. मग खाट उचलायला ती स्वतःच वाकली. “ताडपत्री आना रे आधी! नुसते तोंडं पाहून राह्यले!”

जानरावाने फावडे घेतले. एकावर एक तीन थर निघाले. तिसऱ्यात बियाण्याच्या पाकिटाचा चकाकता तुकडा होता. भार उतरला तशी तुळई लांबलचक करकरली. जिथे बनाबाई झोपायची, नेमक्या तिथल्या किलचा हातात घेताच भुगा झाल्या. वाळवी लागली होती. जानरावाने तो भुगा मुठीत धरला आणि बराच वेळ टाकला नाही.

पाऊस पाव तास पडला. दोन टोपली कापूस पिवळा पडला. बनाबाई अजून ते ऐकवते, आणि ऐकवता ऐकवता शाइस्ताच्या पुढ्यात चहा ठेवते.

नव्या किलचा घालून वर एकच थर माती पसरल्यावर शाइस्ताने पुन्हा मला उचलले. मधोमध आपटले आणि ती थांबली. खालून कुणी ओरडेल म्हणून मीही थांबले. अंगणातून बनाबाईचा आवाज आला, “ठप वाजलं व, पोरी. चोप पुढं.”

मित्रांनो, छपराला जपा, त्याची जुनी माती काढत जा, हे मी सांगणारच होते. पण त्याआधी एक करा. तुमच्या घरात वर चढणारे कुणी अलीकडे खालच्या पायरीवरच बसत असेल, तर जवळ जा आणि त्याला विचारा. छपराचे नंतर पाहू.